पातळी कुठून मोजली?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून संपत आला की वर्तमानपत्रात एक छोटी चौकट यायला लागते. डावीकडे धरणांची नावं, मग पाण्याची पातळी, मग साठा आणि शेवटी टक्केवारी. आमच्या इमारतीत दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलेली मंडळी पहिल्या पानाच्या आधी ती चौकट वाचतात. एकदा अशाच एका सकाळी शेजाऱ्यांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, "अहो, कोयना सहाशे चाळीस मीटरवर आहे आणि जायकवाडी चारशे बासष्टवर. म्हणजे जायकवाडीत कोयनेपेक्षा फारच कमी पाणी की!" मी म्हणालो, "उलट आहे. जायकवाडीत जास्त आहे." त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

त्यांचा तरी काय दोष? दोन आकडे एकाखाली एक छापले की माणूस लहान-मोठं बघणारच. मी पाटबंधारे खात्यात होतो. नोकरीचा बराचसा काळ धरणांच्या पातळ्या घेण्यात, लिहिण्यात आणि वर कळवण्यात गेला. तेव्हा आज त्या चौकटीबद्दलच बोलावं म्हणतो.

पहिली गोष्ट अशी, की पातळी म्हणजे खोली नव्हे. पातळी म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, तो आकडा. कोयनेचा शिवसागर काठोकाठ भरला की ६५९ मीटरच्या थोडा वर असतो, जुन्या मापात २१६३ फूट. पैठणचा नाथसागर भरला की १५२२ फूट, म्हणजे जवळजवळ ४६४ मीटर. दोघांत पावणेदोनशे-दोनशे मीटरचा फरक आहे, पण तो पाण्याचा नाही, जागेचा आहे. एक तलाव सह्याद्रीच्या खांद्यावर बसलाय, दुसरा गोदावरीच्या सपाट खोऱ्यात. महाबळेश्वरातल्या कौलारू घराचं जोतं पैठणच्या कुठल्याही माडीपेक्षा उंच असतं, म्हणून काही ते घर मोठं होत नाही.

आता गंमत बघा. भरल्यावर दोन्हीत पाणी जवळपास सारखंच असतं. कोयनेत १०५.२५ टीएमसी, जायकवाडीत पावणेदोन-अडीच टीएमसी कमी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण कोयना हा रांजण आहे आणि जायकवाडी ही परात. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, दोन डोंगरांच्या बेचक्यात, आणि पाण्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. जायकवाडीचं मातीचं धरण ४१ मीटर उंच पण दहा किलोमीटर लांब, आणि पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात.

त्यामुळे 'आज पाणी एक फुटानं वाढलं' या बातमीला दोन ठिकाणी दोन अर्थ असतात. कोयना भरत आलेली असताना एक फूट म्हणजे सव्वा टीएमसी. जायकवाडी भरत आलेली असताना एक फूट म्हणजे पावणेचार टीएमसीच्या आसपास. कोयनेचा हिशेब तर पडताळूनही बघता येतो. आधी या धरणाची क्षमता ९८.७८ टीएमसी होती. दरवाज्यांवर पाच फुटी झडपा बसवल्या आणि ती १०५.२५ झाली. पाच फुटांत साडेसहा टीएमसीला थोडं कमी. भागून बघा, फुटाला सव्वाच्या जरा वर येतं.

पुणेकर श्रोत्यांसाठी हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. खडकवासला धरणात एकूण उपयुक्त पाणी १.९७ टीएमसी मावतं. म्हणजे भरलेल्या नाथसागराचा वरचा अर्ध्या फुटाचा थर काढला, तर त्यात जवळजवळ अख्खं खडकवासला बसतं. आणि तरी 'खडकवासला शंभर टक्के भरलं' अशी बातमी आली की शहरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चौघांचं मिळून २९.१५ टीएमसी होतं. त्यात खडकवासल्याचा वाटा शेकडा सातसुद्धा नाही. मुंबईत तुळशी तलाव भरून वाहू लागला की असंच होतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर मावतं, त्यात तुळशीचे फक्त ८ हजार ४६. एकट्या भातसाचे ७ लाख १७ हजार. गंमत म्हणजे महापालिकेच्या तक्त्यात भरून वाहण्याची पातळी तुळशीची १३९.१७ मीटर आणि भातसाची १४२.०७. पातळीच्या रकान्यात दोघं सख्खे भाऊ, आणि पाणी एकोणनव्वद पट!

तुम्ही म्हणाल, मग पातळी छापता कशाला, टक्केवारीच सांगा. टक्केवारी सोयीची खरी, पण ती कुणी मोजत नाही. मोजली जाते ती पातळीच. पाण्यात उभ्या असलेल्या पट्टीवर आकडा वाचायचा, मग त्या धरणाचा क्षमतातक्ता उघडायचा, त्या पातळीसमोर किती साठा लिहिलाय तो घ्यायचा, आणि त्यावरून टक्के काढायचे. तेव्हा वाचताना इंचाची चूक झाली, तर ती चूक टक्क्यांतही जाते आणि टक्क्यांवरून जे जे निर्णय होतात त्या सगळ्यांत जाते.

जायकवाडीचंच घ्या. १४९४ फुटांच्या जरा वर जिवंत साठा सुरू होतो आणि १५२२ ला संपतो. या साडेसत्तावीस फुटांत ७६ टीएमसींहून जास्त पाणी आहे, म्हणजे सरासरी फुटाला पावणेतीन टीएमसी. नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, हा वाद आपण वर्षानुवर्षं ऐकतो. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं आणि २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालात १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्के आहे की नाही, या कसोटीवर हिशेब मांडला गेला. म्हणजे वरच्या शेतकऱ्याचा ऊस आणि खालच्या शेतकऱ्याची तहान, दोन्ही त्या एका सकाळच्या पट्टीवरच्या रेघेला बांधलेली. एवढ्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, आणि पट्टीवर पाणी वर-खाली नाचत राहतं. म्हणून वाचन भल्या सकाळी, वारा पडलेला असताना घेतात. पाणी स्थिर राहावं म्हणून काही ठिकाणी नळानं जोडलेल्या विहिरीसारख्या हौदात पातळी बघतात. हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीतून कायम झालेला एखादा चौकीदार असतो. त्याचं नाव कुठल्याच चौकटीत येत नाही.

परातीला आणखी एक शाप असतो, उन्हाचा. रांजणातलं पाणी सावलीत राहतं, परातीतलं उडून जातं. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. जायकवाडीचा पसारा तेव्हा आटून दोनशे चौरस किलोमीटर उरला असं धरलं, तरी एका दिवसात वीस लाख घनमीटर पाणी कुणालाही न विचारता जातं. छत्रपती संभाजीनगरला रोज जेवढं पाणी पुरवलं जातं, त्याच्या हे कितीतरी पट आहे.

आता उजनीकडे येतो. सोलापूरच्या श्रोत्यांना 'उजनी उणे' हा शब्दप्रयोग सांगायला नको. बाहेरच्या माणसाला मात्र तो चक्रावून टाकतो. पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल? मृत समुद्राची पातळीही उणे सांगतात, समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली. पण ते उणे समुद्रापासून मोजलेलं. उजनीचं उणे वेगळं. उजनी ४९१.०३ मीटरला आली की जिवंत साठा संपला असं धरतात, आणि ४९६.८३ ला शंभर टक्के. मधे अंतर किती? सहा मीटरसुद्धा नाही, दोन मजली घराएवढं. त्यात ५३.५७ टीएमसी पाणी आणि त्याच्या खाली मृत साठा ६३ टीएमसींहून जास्त. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी शून्याच्या खाली! २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली. भीमेच्या काठावरचे लोक हवालदिल झाले, सोलापूर शहराला दुबार-तिबार उपसा करून पाणी आणावं लागलं. आणि तरी त्या दिवशी कागदाप्रमाणे उजनीत साडेएकतीस टीएमसी पाणी होतं, पुण्याची चारही धरणं भरून वाहताना जेवढं असतं त्याहून जास्त. कागदाप्रमाणे म्हणतो, कारण तळाला गाळ आहे आणि गाळानं जागा किती खाल्ली ते पट्टीवर दिसत नाही.

मग उजनीत पाणी होतं की नव्हतं? दोन्ही खरं. पाणी होतं, पण ज्या उंचीवर ते लोकांच्या उपयोगाचं, त्या उंचीवर नव्हतं. पाणी ओसरलं की जुन्या पळसदेव गावातलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. लोक गाड्या करून बघायला येतात. भिगवणच्या बाजूला चिखल उघडा पडला की रोहित पक्ष्यांची चंगळ होते. त्यांच्या हिशेबात उणे म्हणजे अधिक.

ही शून्याची रेघ देवानं आखलेली नाही, हेही सांगायला हवं. पाणी बाहेर काढायचं तोंड किती उंचीवर ठेवलं, यावर ती बरीचशी ठरते. तोंड खाली नेलं की रेघही खाली जाते. कोयनेत १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली तलावाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याला पाणी जोडलं, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. दुसऱ्या वेळचा उद्देशच मुळी हा होता की तलाव खाली गेला तरी वीज बनत राहावी. तलाव तोच, पाऊस तोच, पण कालपर्यंत हाताबाहेर असलेलं पाणी आज कामाचं झालं.

तर मग समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला काहीच अर्थ नाही का? आहे, फार आहे. ती उंची पाणी किती ते सांगत नाही, पाणी काय करू शकेल ते सांगते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या अंगातून पश्चिमेला खाली सोडलं की वीज होते, ती त्या उंचीमुळे. वैतरणा नदीवर एकाखाली एक तीन तलाव आहेत. अप्पर वैतरणा ६०३ मीटरवर, मध्य वैतरणा २८५ वर, मोडकसागर १६३ वर. एकाच नदीच्या या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवरून पाणी सोडताना वीज मिळते, आणि खालच्या पायरीवरून ते नळातून आपल्या उतारानं मुंबईकडे जातं, ढकलावं लागत नाही. भातसाचं बरंचसं पाणी मात्र नदीत सोडून पिसे बंधाऱ्याशी अडवतात. तिथवर येईतो धरणानं दिलेली उंची नदीतच खर्च झालेली असते. मग पंप लावून ते पुन्हा वर चढवायचं, आणि विजेचं बिल भरायचं. पुण्याकडेही अशाच पायऱ्या आहेत. टेमघर ७०० मीटरच्या वर, वरसगाव आणि पानशेत ६३५ ते ६४० च्या दरम्यान, खडकवासला ५८२, आणि मुठा, मुळा-मुठा, भीमा अशी वाट काढत खाली उजनी ४९७. उजनीच्या परिसरात ढग नसतानाही उजनी कशी भरते, ते या आकड्यांवरून कळावं.

आणि समुद्रसपाटी तरी कुठली? समुद्र काही सपाट बसून राहत नाही. देशाच्या किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजून सरासरी काढली आणि १९०९ साली पक्क्या झालेल्या जाळ्यानं ती उंची देशभर नेली. आपल्या बहुतेक धरणांचे आकडे त्या शून्यापासूनचे. मुंबईत मात्र महापालिकेचं स्वतःचं शून्य आहे, त्याला टाऊन हॉल डेटम म्हणतात. आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे, त्या टाऊन हॉलच्या इमारतीवरून ठरवलेलं. तिथले नाले, गटारं, रस्ते यांच्या उंच्या त्यावरून सांगितल्या जातात, आणि समुद्रसपाटीच्या आकड्याशी त्या जुळत नाहीत. दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी दोघांचं शून्य एक आहे का, हे विचारावं लागतं ते यासाठी.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं वाटेल. पण मी ते चूक करून शिकलोय, म्हणून ती चूकही सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका मध्यम प्रकल्पावर शाखा अभियंता होतो. नाव सांगत नाही. आदल्या पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता, त्यात पट्टीचा एक तुकडा निखळला. गवंड्यानं तो पुन्हा बसवला. माझ्या देखत बसवला, आणि मी वर उभा राहून मान डोलावली. बेंचमार्कवरून लेव्हल लावून तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही.

मार्चमध्ये मी पातळी वाचली, तक्ता उघडला आणि कालव्याच्या बैठकीत सांगितलं की उन्हाळ्यात तीन आवर्तनं बसतील. लोकांनी त्या शब्दावर उन्हाळी भुईमूग केला. दोन आवर्तनं झाली. तिसरं मे महिन्यात सुरू झालं. त्या काळी तिथे पाणी वरून खाली देत असत, शेपटाकडच्यांची पाळी शेवटी. चारपाच दिवसांत कालव्याच्या तोंडाशी पाणी घोंघावायला लागलं, हवा ओढायला लागलं, आणि थांबलं. पट्टीवर बघितलं तर कालव्याच्या उंबऱ्यापेक्षा अर्धा फूट वर पाणी! आणि समोर उंबरा कोरडा. पट्टीचा तुकडा अर्धा फूट खाली बसला होता, त्यामुळे सहा महिने मी असेल त्यापेक्षा अर्धा फूट जास्त पाणी वाचत होतो. मार्चमध्ये तलावाचा पसारा चार चौरस किलोमीटर होता. अर्धा फूट म्हणजे सव्वाएकवीस-साडेएकवीस दशलक्ष घनफूट, आमच्या सत्तर क्युसेकच्या कालव्याचं साडेतीन दिवसांचं पाणी. ते पाणी कधी नव्हतंच. मी ते बैठकीत वाटून टाकलं होतं.

शेपटाकडच्या शेतात भुईमुगाला आऱ्या सुटायची वेळ होती. तेव्हाच पाणी तुटलं. तिथले एक आजोबा धरणावर चालत आले. ओरडले नाहीत. पट्टीकडे हात करून म्हणाले, "सायेब, तुमच्या पट्टीवर पानी हाय म्हनं. त्येवढं तरी आमच्या चारीत सोडा." मी काय बोलणार? वरिष्ठांना लेखी कळवलं, माझी चूक आहे हे त्यात लिहिलं. त्यावर खुलासा मागवला गेला, तो दिला. पण त्यानं शेतातला भुईमूग परत आला नाही. त्या चारीवरच्या बऱ्याच जणांनी बियाणं उधारीवर आणलं होतं.

पाऊस पडायच्या आत लेव्हल लावली, पट्टी काढून पुन्हा बसवली, आणि शेजारच्या दगडी भिंतीत छिन्नीनं एक आडवी खूण करून घेतली, म्हणजे पट्टी सरकली तर डोळ्यांना दिसावं. हे सगळं आजोबांना जाऊन सांगितलं. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "बगू."

पुढं माझी बदली होईपर्यंत दर वर्षी दिवाळी झाली की ते धरणावर यायचे. वाचता येत नव्हतं, पण ती खूण त्यांना ओळखू यायची. खुणेपाशी बोट ठेवायचे, पट्टीकडे बघायचे आणि विचारायचे, "सायेब, औंदा तपासली न्हवं?"